पाच चमचे, एक प्लेट

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, संध्याकाळ. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातलं स्पॅनिश हॉटेल.

हजर: दादा, आमच्या टॉवेल कारखान्याचे मालक. वहिनी, त्यांच्या पत्नी आणि कागदोपत्री भागीदार. अण्णा, जुने हिशेबनीस. देशमुख, उत्पादन बघतात, मूळचे माळशिरसकडचे. पूजा, नवी डिझायनर, पुण्याला शिकून आलेली. आणि मी. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद, कंटेनर, विमा, बंदर हे माझं खातं.

गैरहजर कोणी नाही. सहा जणांचं टेबल मीच सांगितलं होतं.

टेबलाच्या मधोमध परात आली. पसरट, दोन कानांची, लोखंडी. अजून चरचरत होती. भात केशरी, त्यात घेवडा, मटार, भाजलेली लाल मिरची, वर लिंबाच्या फोडी. ह्याला पायेया म्हणतात आणि ह्याच एका पदार्थासाठी ते हॉटेल गावात नावाजलेलं आहे. परातीच्या काठाला लाकडी चमचे टेकवून ठेवले होते. दादांसमोर एक. वहिनींसमोर एक. अण्णा, देशमुख, पूजा, प्रत्येकासमोर एक.

माझ्यासमोरचा काठ मोकळा.

माझ्यापुढे पांढरी प्लेट होती, रिकामी. तिच्याशेजारी स्टीलचा चमचा. वेटर वाढायचा डाव घेऊन माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. मला आधी वाढायचं आणि मग बाकीच्यांनी परातीत चमचे घालायचे, असं त्याला सांगितलेलं दिसत होतं.

आधी हे सांगायला हवं की तिथं परातीतूनच का खायचं होतं.

दादा मागच्या वर्षी स्पेनला जाऊन आले. तिथल्या गिऱ्हाइकानं त्यांना रविवारी घरी जेवायला नेलं. आल्यापासून ती गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की कुणीही सांगू शकेल. अंगणात लाकडाचा जाळ, त्यावर परात, भोवती आजोबा, सुना, नातवंडं, पाहुणे, सगळ्यांच्या हातात लाकडी चमचा. ताटं नाहीत. सगळे एकाच भांड्यातून खातात. त्याच शनिवारी, परात यायच्या आधी, दादांनी ती पुन्हा सांगितली. हात पसरून म्हणाले, "एकच भांडं. कुणाला वेगळी प्लेट नाही की काही नाही. मला तिथं वाटलं, हे आपल्या कारखान्यासारखं आहे. एक कुटुंब."

आम्ही माना हलवल्या. मीही हलवली.

म्हणून स्पेनची मोठी ऑर्डर वेळेत गेली तेव्हा दादा म्हणाले, जेवण द्यायचं तर तिथंच द्यायचं आणि तसंच जेवायचं. व्यवस्था अर्थातच माझ्याकडे. हॉटेल चालवतो तो श्रीनू. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातला, घरी तेलुगू बोलणारा. बरीच वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता, नंतर स्पेनमध्ये. त्याला मी फोन करून सगळं नीट सांगितलं. परात शाकाहारी हवी, कारण वहिनी आणि अण्णा दुसरं काही खात नाहीत. भांडं वेगळं घ्या. डाव वेगळा घ्या. चिकनचं पाणी चुकूनही लागू देऊ नका. दुसऱ्यांचं सोवळं इतक्या बारकाईनं सांभाळणारी मी.

श्रीनूनं टेबलाशी येऊन खायची रीत सांगितली. आपापल्या समोरचं खायचं. काठापासून सुरू करून मध्याकडे जायचं. शेजाऱ्याच्या बाजूला चमचा न्यायचा नाही.

देशमुख म्हणाले, "म्हंजी बांध कोरायचा न्हाय." सगळे हसले. मीही हसले. तोपर्यंत मला प्लेटचा अर्थ लागला नव्हता. वाटलं, चमचा विसरला.

पूजालाही तसंच वाटलं. ती श्रीनूला म्हणाली, मॅमचा चमचा राहिला. श्रीनू गोंधळला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दुपारी फोन आला होता की मॅडम. एका लेडीजला वेगळी प्लेट द्या म्हणून. बुकिंग तुमचं, मला वाटलं तुम्हीच सांगायला लावलं."

टेबल गप्प झालं. गप्प होण्याचेही प्रकार असतात. काय झालं हे न कळल्यामुळे माणसं गप्प होतात, तो एक. सगळ्यांना कळलं म्हणून गप्प होतात, तो दुसरा. हा दुसरा होता. अण्णा लिंबाची फोड बघत होते. देशमुख मिशीवरून बोट फिरवत होते. दादांनी मोबाईल उचलला.

वहिनी हसल्या. छान हसतात त्या. म्हणाल्या, "मीच केला होता फोन. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हो, ताई."

मला.

मी त्या टेबलावर प्रत्येकाला ओळखत होते. दादांच्या वडिलांच्या आजारपणात रुग्णालयाचे कागद मी केले. वहिनींच्या मुलाचा परदेशी शिक्षणाचा व्हिसा माझ्या टेबलावरून झाला. मला अवघडायचं काय कारण होतं? अवघडणारं माणूस कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण सौजन्याची एक युक्ती असते. आपली किळस उचलायची आणि समोरच्याचा संकोच म्हणून त्याच्याच ताटात वाढायची.

'चालेल' हा शब्द माझ्या ओठावर आला होता. खोटं कशाला सांगू. आयुष्यभर तो माझ्या ओठावर तयार असतो. कंटेनर उशिरा येणार, चालेल. रविवारी यायला लागेल, चालेल. प्लेटमध्ये वाढू, चालेल. वेटरनं डाव परातीत घातलाही होता.

मी हात आडवा धरला. म्हटलं, थांबा.

का थांबवलं, ते तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. पण त्या थोड्या वेळात माझ्या डोक्यात जी जुळवाजुळव झाली ती आता मला नीट मांडता येते. मांडामांड हे माझं कामच आहे.

आम्ही बौद्ध. माझं लहानपण सोलापूरच्याच बुधवार पेठेत गेलं. आजोबा कापड गिरणीत होते. सूत काढायच्या खात्यात. जन्मभर तिथंच. विणाई खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथं आमच्या माणसांना घेत नसत. कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेतला, धागा तुटला की धोटा तोंडाला लावून धागा श्वासानं ओढून घ्यावा लागायचा. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागायची. आजोबांच्या तोंडाला लागलेला धोटा दुसरा कुणी तोंडाला लावणार नव्हता. म्हणून त्यांचे हात चालायचे, पाठ चालायची, तोंड चालायचं नाही. वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा मला ती फार जुनी वाटायची. इतिहासाच्या पुस्तकातली. गिरण्या बंद पडल्या, धोटे गेले. आता आमच्या कारखान्यातल्या मागांना धोटाच नसतो.

पण तोंड तेच आहे.

मग मला खंडेनवमी दिसली. दरवर्षी कारखान्यात मशिनांची पूजा होते, सगळ्यांचं जेवण होतं. जेवणाची सगळी जबाबदारी माझी. शिधा मी आणवते. गहू, तूप, डाळ, भाजी, सगळं मी तपासून घेते. पण शिजलेल्या पातेल्याचं झाकण मी आजवर उघडलेलं नाही. मला कुणी अडवलं नाही. 'ताई, तुम्ही तिकडं गेटवर बघा ना, तुमच्याशिवाय गोंधळ होतो,' असं वहिनी म्हणायच्या आणि मी गेटवर असायचे. कच्चं माझ्या हातात. शिजलेलं दुसऱ्याच्या हातात. पंगती उठेपर्यंत मी उभी. मग ऑफिसात माझं ताट झाकून आणून ठेवलेलं असायचं. मी ते टेबलावर एकटी जेवायचे, एका हातानं बिलं लावत. मला वाटायचं, मी किती कामाची आहे. माझ्यावाचून ह्यांचं पान हलत नाही.

दादांच्या बंगल्याची वास्तुशांत. मी गाड्यांची व्यवस्था बघितली. वहिनींची हळदीकुंकवं. मी पाहुण्यांच्या नावांची यादी करून दिली, यादीत माझं नाव नव्हतं, कारण यादी करणाऱ्याचं नाव यादीत नसतं असं मीच धरून चालले. स्पेनचे, जर्मनीचे पाहुणे आले की जेवणाची वेळ, गाडी, विमान, सगळं मी. टेबलाशी मी नाही.

वीस-एक वर्षं. एकाही पंगतीत मी ह्यांच्यातल्या कुणाच्या शेजारी मांडी घातलेली नाही. आणि हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मला कुणी हाकललं नव्हतं. मला काम दिलं होतं. माझ्या शिस्तीचीच त्यांनी वेस केली आणि मी तिच्या बाहेर उभी राहून आत कोण कोण आलं ह्याच्या खुणा करत राहिले.

हॉटेलात मात्र करायला काही काम नव्हतं. वाढायला वेटर होता. गेटवर कुणी यायचं नव्हतं. पहिल्यांदाच मला बसवावं लागलं. म्हणून दुपारी फोन गेला.

अण्णा माझी समजूत काढायला पुढे झाले. म्हणाले, "तुम्ही सगळं खाता ना, ताई. आमचं आपलं साधं. म्हणून वहिनींनी केलं असेल."

मी म्हटलं, "अण्णा, परातीत घेवडा आहे. मीच सांगितला आहे. आणि देशमुख बुधवारी, रविवारी मटण खातात. त्यांना चमचा आहे."

देशमुखांनी वर बघितलं नाही. त्यांचा चमचा एव्हाना एकदा तोंडात जाऊन आला होता. परात आल्याआल्या त्यांनी काठाचा भात चाखला होता, चमचा दोन्ही बाजूंनी चाटला होता आणि पुन्हा भातात रोवून ठेवला होता. ओला चमचा. त्यांच्या मिशीला केशरी शीत चिकटलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं. कुणाला काही वाटलं नाही. त्यांची लाळ ही नुसती लाळ होती. माझा चमचा अजून कपाटातून बाहेरही आला नव्हता, आणि तो बाटलेला होता.

तेव्हा मला किळस आली. खरी, पोटातून. आजवर किळस ही त्यांची गोष्ट होती. त्यांना येणारी, मी सांभाळायची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती माझी झाली. वहिनींचे ते नीट आवरलेले ओठ. अण्णांची जपमाळेवाली बोटं लिंबाची फोड कुस्करताना. दादांचा तो एक कुटुंबाचा पसरलेला हात, जो आता मोबाईलवर उगाच वर-खाली फिरत होता. मला त्या सगळ्यांची किळस आली.

मी श्रीनूला म्हटलं, "ही प्लेट न्या. मला लाकडी चमचा द्या."

तो स्टीलचा चमचा मला फोनचं कळल्यापासून खुपत होता. श्रीनूनं प्लेटबरोबर सहज ठेवला असेल. पण आमच्या आज्जीनं सांगितलेलं मला माहीत आहे. धातूचं भांडं आमच्या हाताला लागलं तर राख लावून, घासून पुन्हा घरात घेत. माती आणि लाकूड घेत नसत. ते आत ओढून घेतं म्हणे. मला लाकडीच चमचा हवा होता.

श्रीनूनं दादांकडे बघितलं. गिऱ्हाईक कोण, हे त्याला बघावंच लागतं. दादा बघत नव्हते. मग तो आत गेला. तेवढ्यात बाकीच्यांनी अवघडून एकेक घास घेतला. श्रीनू चमचा घेऊन आला. माझ्या हातात दिला.

वहिनी हळू म्हणाल्या, "ताई, तमाशा नको ना. लोक बघतायत."

लोक कुणी बघत नव्हते. शेजारच्या टेबलावर वाढदिवस चालला होता.

मी माझ्या समोरच्या काठाला चमचा घातला आणि पहिला घास घेतला.

चव सांगते, कारण ती मला आठवते. जाड, बुटका तांदूळ. शीत न् शीत सुटं, पण आतून रसाळ. धुराचा वास. तळाला भात मुद्दाम खरपूस लागू देतात, तो कुरकुरीत पापुद्रा खरवडून खायचा, त्यातच खरी गोडी, असं श्रीनूनं सांगितलं होतं. खरं होतं ते. मी काठापासून मध्याकडे गेले. सरळ. शेजारी पूजाची बाजू होती, तिच्या एका दाण्याला माझा चमचा लागला नाही.

तेवढ्यात पाच चमचे थांबले.

अण्णांनी चमचा टेबलावर उलटा ठेवला. म्हणाले, पोट भरलं. त्यांनी एक घास खाल्ला होता. वहिनींनी रुमालानं बोटं पुसली, एकेक बोट वेगळं, आणि पाण्याचा पेला ओढला. देशमुख म्हणाले की दुपारचं जेवण लई झालं होतं. दादांना फोन आला. म्हणजे त्यांनी फोन कानाला लावला. वाजलेला कुणी ऐकला नाही. ते उठून बाहेर गेले.

उरली पूजा. तिनं माझ्याकडे बघितलं. मग वहिनींकडे. मग परातीकडे. तिच्या चमच्यात भात होता, तोंडाजवळ नेलेला. सहा महिन्यांपूर्वी तिला कारखान्यात रुजू करून घेणारी मी. राहायला खोली शोधून देणारी मी. तिनं चमचा भातासकट परातीत ठेवला आणि हात मांडीवर घेतला. रात्री तिनं मला मोबाईलवर 'सॉरी मॅम' लिहून खाली लाल बदाम पाठवला. मी उत्तर द्यायच्या आत तो मेसेज पुसून टाकला. पुसल्याची खूण तेवढी राहिली.

मी जेवत राहिले. माझा वाटा पूर्ण खाल्ला. तळाचा खरपूस भात खरवडून खाल्ला, त्याचा आवाज होत होता, होऊ दिला. माझ्या बाजूचं लोखंड स्वच्छ दिसायला लागलं. बाकीची परात भरलेली. सहा जणांच्या अन्नात एक माणूस जेवला आणि पाच माणसं उपाशी बसली. भूक त्यांना होती. संध्याकाळी साडेसातला सगळे भूक भूक करत आत आले होते. पण आपल्या पोटापेक्षा त्यांना आपली जात मोठी वाटली. ह्याला मी श्रद्धा म्हणणार नाही. हा आजार आहे आणि तो असलेली माणसं स्वतःला निरोगी समजतात.

दादा परत आले. परातीकडे बघून म्हणाले, अरे, उरलं का एवढं.

त्यावर वहिनींनी जे केलं ते त्या फोनपेक्षा वाईट. त्या फोनमागे निदान लपवाछपवी होती, म्हणजे थोडी तरी लाज होती. आता त्या अगदी मोकळ्या, प्रेमळ आवाजात बोलल्या, जणू सगळा प्रश्न त्यांनी सोडवला. म्हणाल्या, "एवढं अन्न टाकायचं जिवावर येतं. ताई, तुम्ही घेऊन जा की घरी. तुमच्याकडं खातील."

मी चमचा खाली ठेवला. तोंड पुसलं. आवाज चढवला नाही. मला आवाज चढवायची सवय नाही, बंदरावरच्या लोकांशीही मी ह्याच आवाजात बोलते.

म्हटलं, "वहिनी, माझा वाटा मी संपवला. राहिलंय ते तुम्हा पाच जणांचं उष्टं आहे. आमच्या घरात उष्टं खात नाहीत."

'उष्टं' ऐकल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो शब्द त्यांच्या घरात बाहेरच्या दिशेनंच जात आला होता. त्यांच्याकडे तोंड करून तो पहिल्यांदाच आला असावा.

मी पर्स उचलली. श्रीनूला भात चांगला झाल्याचं सांगितलं. निघताना स्वयंपाकघराच्या अर्ध्या दारातून मला दिसलं की वेटरनं परात तिरकी करून सगळा भात कचऱ्याच्या बादलीत लोटला. केशर, घेवडा, सगळं. त्यांच्या चार घरांपैकी एकाही घरी तो गेला नाही. मी खाल्लेलं भांडं होतं ना ते.

घरी येऊन मी अंघोळ केली. मिस्टरांना सगळं सांगितलं. ते शिक्षक आहेत, मोजकं बोलतात. त्यांनी एवढंच विचारलं की सोमवारी जाणार का. मी म्हटलं, जाणार. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हे मुद्दाम लिहिते. माझ्या गोष्टीत मी रात्रभर रडायला हवं होतं असं काहींना वाटतं.

सोमवारी दादांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. वहिनी जुन्या वळणाच्या आहेत, तुम्ही समजून घ्या, असं त्यांचं बोलणं. वहिनी माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत. रसायनशास्त्रातली पदवी आहे त्यांच्याकडे. जुनं वळण त्यांना त्या शनिवारी दुपारी फोन लावताना आठवलं, एरवी त्या इंग्रजीत बोलतात. मी हे सगळं बोलून दाखवलं नाही. दादा पुढे म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या मनात तसलं काही नाही. मी विचारलं, मग तुम्ही चमचा का ठेवलात. ते म्हणाले, फोन आला होता. मी म्हटलं, बरं.

मग त्यांनी विषय बदलला. पुढच्या महिन्यात स्पेनची माणसं कारखाना बघायला येणार, त्यांचं दुपारचं जेवण इथंच करायचं, तर नेहमीप्रमाणे तुम्हीच बघा.

मी म्हटलं, "बघणार नाही. जेवायला बसेन. आजपासून मी मालाच्या याद्या करीन, पंगतीच्या नाही."

मला काढणं दादांना परवडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. कागद माझ्या सहीनं जातात. नोकरी मी सोडली नाही आणि सोडणारही नाही. सोडली तर त्यांचीच सोय. परात पुन्हा पाच जणांची.

तक्रारीचाही विचार केला. वकिलीण मैत्रीण आहे, तिच्याकडे जाऊन आले. ती म्हणाली, शिवी दिली का, हाकललं का, जातीचं नाव घेतलं का. नाही. चांगली प्लेट दिली, ताई म्हटलं, अन्न घरी न्यायला सांगितलं. ती म्हणाली, लढता येईल, पण ते हसून म्हणतील की आम्ही पाहुणचारच केला. तेव्हा मला कळलं की ह्या माणसांनी अपमान किती घासूनपुसून घेतलाय. त्याला आता कुठं धार दिसत नाही. कापतो मात्र तेवढाच.

स्पेनच्या पाहुण्यांचं जेवण शेवटी कारखान्यात झालंच नाही. दादांच्या बंगल्यावर झालं. व्यवस्था पूजाकडे दिली. मला बोलावणं नव्हतं. म्हणजे मी टेबलाशी बसणार म्हटल्यावर त्यांनी टेबलच हलवलं. हे होणार हे मी धरून होते. मला त्यांच्या टेबलाची हौस नाही. मला कुठं बसू देत नाहीत ते आता सगळ्यांना दिसतं, एवढं झालं. पूर्वी ते मलाही दिसत नव्हतं.

आणि एकदा दिसायला लागलं की थांबत नाही. त्याच आठवड्यात मी पॅकिंगच्या शेडमध्ये गेले होते. चहाची वेळ होती. आत टेबलावर सगळ्यांचे कप एका ट्रेमध्ये. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, उन्हात, एक कानतुटका कप पालथा. तो शांताबाईचा. शांताबाई झाडलोट करते, बार्शीकडची आहे, आमच्यातलीच. मी त्या शेडमध्ये रोज जाते. तो कप रोज तिथंच असणार. मी बघितला नव्हता.

मी सगळे कप बदलले. सगळ्यांना एकसारखे, पांढरे, कुणाचा कुठला ते ओळखू येऊ नये असे. कानतुटका मी माझ्या हातानं फेकला. दुपारी शेडमध्ये गेले तर सगळे कप एका ट्रेमध्ये. बरं वाटलं. जवळ जाऊन बघितलं तर एका कपाच्या कानाला टॉवेलच्या काठाचा लाल दोरा गुंडाळून गाठ मारलेली.

शांताबाईनंच मारलेली. मी विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. चुकून कुनाच्या तोंडाला माझा कप लागला तर बोलनी मला बसत्यात. मागं चुकून माझा कप अण्णांच्या हाती गेला, तर त्यांनी फोडला हुता की, माझ्यादेखत."

मी दोरा तोडायला हात पुढं केला. तिनं कप छातीशी धरला.

दोरा कापून काही होणार नाही, हे मला तिथंच कळलं. आज कापला तर ती उद्या नवा बांधील. ज्याच्या भीतीनं तो बांधलाय त्याचा बंदोबस्त आधी. मी दादांना लेखी दिलं आहे. अण्णांनी शेडमध्ये यायचं, शांताबाईसमोर उभं राहायचं, तिच्यासमोर त्याच ट्रेमधून चहा घ्यायचा, कप कुठला ते न बघता. आणि पुन्हा कुणी कप फोडला तर त्या दिवशी एकही कंटेनर माझ्या सहीनं हलणार नाही. ही धमकी आहे. मी ती धमकी म्हणूनच लिहिली आहे, खाली सही करून.

दादांनी कागद ठेवून घेतला आहे. बघतो म्हणालेत. अण्णा रजेवर गेलेत.

ते येतील. नोकरी आहे, यावंच लागेल. मी रोज चहाच्या वेळेला शेडमध्ये जाते, शांताबाईच्या शेजारी उभी राहून चहा घेते. दोरा अजून कपाला आहे. तो तिनं स्वतःच्या हातानं सोडायचा आहे. ते काम झालेलं नाही.